भिंत तीच, कारण नवं

शहरात दोन टोळ्या भिडतात, रात्रभर गोळीबार होतो, सकाळी पेपरात मेलेल्यांचे आकडे येतात. मग कट्ट्यावर किंवा जेवणाच्या पानावर कुणीतरी विचारतंच : "सगळं त्या एका वस्तीतूनच चालतं ना? मग तिच्याभोवती भिंत का घालत नाहीत? चार दरवाजे ठेवा, प्रत्येकावर पोलीस बसवा, संपला विषय."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठमोठ्या शहरांत तो जबाबदार पदांवरच्या माणसांनी गांभीर्याने मांडला आहे, त्यासाठी पैसे मंजूर केले आहेत आणि काही ठिकाणी भिंती उभ्याही राहिल्या आहेत. त्यांचं पुढे काय झालं हे पाहण्यासाठी रिओ दि जानेरोला जाऊ. तिथे एकाच उंचीच्या भिंतीसाठी सहा वर्षांत तीन वेगवेगळी कारणं दिली गेली.

१. गुड फ्रायडे, २००४

आधी रिओचा नकाशा. समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये एक चिंचोळी सपाट पट्टी आहे. कोपाकबाना, इपानेमा, लेब्लोन हे महागडे भाग त्या पट्टीवर वसले आहेत. त्यांच्या मागे उभे चढ आहेत आणि त्या चढांवर फावेला. कुणाची परवानगी न घेता, सरकारी आखणी नसताना, लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली वस्ती म्हणजे फावेला. झोपडपट्टी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पत्रे आणि ताडपत्री येते, पण रिओतल्या जुन्या फावेलांत विटा-सिमेंटची तीन-चार मजली घरं असतात. बऱ्याच शहरांत गरीब कडेला ढकलले जातात. रिओच्या या भागात ते श्रीमंतांच्या अगदी डोक्यावर राहतात. गॅलरीत उभं राहिलं की एकमेकांच्या दोरीवर काय वाळत घातलंय ते दिसावं, इतक्या जवळ.

यातली सर्वांत प्रसिद्ध वस्ती रोसिन्या. गाव्हिया आणि साव कोन्रादो या दोन सधन भागांमधल्या खिंडीत ती पसरली आहे. २०१० च्या जनगणनेत तिथे ६९ हजारांहून जास्त माणसं नोंदली गेली.

एप्रिल २००४ मध्ये, ईस्टरच्या आठवड्यात, शेजारच्या विडिगाल वस्तीकडून आलेल्या सशस्त्र माणसांनी रोसिन्यावर हल्ला केला. भांडण अमली पदार्थांच्या विक्रीवरून होतं : रोसिन्याची गल्ली कुणाच्या ताब्यात राहणार? समुद्रकाठच्या रस्त्यावरून गाडीने जाणारी एक स्त्रीही त्यात मारली गेली. हजारावर पोलीस वस्तीत शिरले. काही दिवसांत रोसिन्याचा टोळीप्रमुख पोलिसांच्या गोळीने मेला. आठवडा सरेपर्यंत मृतांची संख्या किमान दहावर गेली होती.

याच दिवसांत रिओ राज्याचे उपराज्यपाल लुईझ पाउलो कोंदे यांनी प्रस्ताव मांडला. (ब्राझीलमध्ये राज्यपाल निवडून येतो. आपल्या मुख्यमंत्र्यासारखं पद.) रोसिन्या, विडिगाल आणि आसपासच्या दोन वस्त्यांभोवती तीन मीटर उंचीची भिंत घालावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

२. हे सुचलं कुणाला?

कोंदे कुणी दरडावणारे पोलीस अधिकारी नव्हते. ते वास्तुरचनाकार होते. नव्वदच्या दशकात रिओ महापालिकेने 'फावेला-बाइरो' नावाची योजना आणली तेव्हा नगररचना खातं त्यांच्याकडे होतं. पुढे १९९७ ते २००० ते शहराचे महापौर होते. त्या योजनेची कल्पना साधी होती. वस्ती पाडायची नाही, शहराला जोडायची. पायऱ्या बांधायच्या, गटारं टाकायची, पाणी आणि दिवे आणायचे, बालवाड्या आणि मैदानं द्यायची. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने त्यासाठी कर्ज दिलं आणि जगभरचे नगररचनाकार ती योजना बघायला रिओला येऊ लागले.

ज्या माणसाने वस्त्या जोडण्यासाठी नाव कमावलं, त्यालाच एका वाईट आठवड्यात त्या शहरापासून तोडायची कल्पना सुचली. यात मला ढोंग दिसत नाही. गोळीबाराच्या आठवड्यात राज्यकर्त्याला दोन गोष्टी हव्या असतात : काहीतरी लगेच करता यावं आणि ते सगळ्यांना दिसावं. गटार टाकायला वर्ष लागतं आणि टाकल्यावर ते जमिनीखाली असतं. भिंत महिन्यात उभी राहते आणि लेब्लोनच्या गॅलरीतून दिसते.

प्रस्तावावर टीकेचा भडिमार झाला. बर्लिनची आठवण निघाली, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची निघाली. भिंत बांधली गेली नाही.

३. भिंत अडवते काय?

टीका नैतिक होती आणि ती रास्तच होती. पण क्षणभर नीती बाजूला ठेवून हिशेब करू.

समजा, ६० हजारांची एक वस्ती आहे. त्यातली निम्मी माणसं, म्हणजे ३० हजार, सकाळी पाच ते आठ या वेळात कामाला बाहेर पडतात. भिंतीला चार दरवाजे ठेवले आणि प्रत्येक दरवाजावर पाच रांगा लावल्या. एकूण वीस रांगा. एका माणसाची पिशवी बघून त्याला सोडायला वीस सेकंद लागतात असं धरू. तीन तासांत एका रांगेतून ५४० माणसं बाहेर पडतील, वीस रांगांतून १० हजार ८००. उरलेली १९ हजार २०० माणसं आठ वाजता भिंतीच्या आतच असतील. त्यांच्यात मोलकरणी आहेत, वॉचमन आहेत, हॉटेलातले आचारी आणि बसचे चालक आहेत. म्हणजे भिंतीची मागणी करणाऱ्यांच्याच घरी त्या दिवशी भांडी पडून राहणार. दोन-तीन दिवसांत दरवाजावरची झडती नावापुरती उरते. आणि ती नावापुरती उरली की पिशवीतलं पिस्तूलही सुटतं.

दुसरा हिशेब मालाचा. कोकेन रोसिन्यात पिकत नाही. ते कोलंबिया, पेरू, बोलिव्हियातून येतं, हजारो किलोमीटर रस्ता तुडवत, किती तरी नाके ओलांडत. रायफली वस्तीतल्या कारखान्यात बनत नाहीत. विकत घेणाऱ्यांतले बरेच जण खालच्या इमारतींत राहतात. या साखळीत वस्ती हा शेवटून दुसरा दुवा. आधीच्या दुव्यांवर, सीमेवर, बंदरात आणि पोलिसांच्या शस्त्रागारात, तीन मीटरच्या भिंतीचा काही परिणाम होत नाही.

पोलिसांचा उल्लेख उगाच केलेला नाही. २००८ मध्ये रिओच्या विधानसभेने आमदार मार्सेलो फ्रेइशो यांच्या अध्यक्षतेखाली खासगी सशस्त्र टोळ्यांची चौकशी केली. त्या अहवालात दोनशेहून जास्त लोकांवर ठपका ठेवला गेला. त्यांत आजी-माजी पोलीस होते, अग्निशमन दलाचे जवान होते, राजकारणीही होते. दरवाजावर कुणाला उभं करायचं हा प्रश्न तिथेच अडतो.

मग भिंत काहीच अडवत नाही का? अडवते. नजर अडवते. बाहेरच्या माणसाची भीती थोडी कमी करते. हा परिणाम खरा आहे आणि राजकारणात त्याला किंमतही आहे. फक्त तो गोळीबारावरचा उपाय नाही.

४. पाच वर्षांनी जंगल आठवलं

२००९ च्या सुरुवातीला भिंत परत आली. आता राज्यपाल होते सर्जिओ काब्राल. कारण होतं पर्यावरण. रिओच्या डोंगरांवर 'माता अटलांटिका' या एकेकाळच्या विशाल किनारी जंगलाचे उरलेसुरले तुकडे आहेत. फावेला वर सरकत जाऊन ते खातात, म्हणून 'परिसर-सीमा' आखायची, असं सरकार म्हणालं. अकरा वस्त्या निवडल्या गेल्या. एकूण लांबी अकरा किलोमीटरच्या आसपास, खर्च सुमारे चार कोटी रेआल. उंची तीन मीटर.

काम सुरू झालं बोताफोगो भागातल्या सांता मार्ता वस्तीत. मायकल जॅक्सनने १९९६ मध्ये आपल्या गाण्याचं चित्रीकरण केलं होतं ती ही वस्ती. भिंतीच्या थोडंच आधी, २००८ च्या अखेरीस, पोलिसांचं कायमचं ठाणं बसवून 'शांत' केलेली रिओतली पहिली वस्तीही हीच.

आता पर्यावरणाचं कारण तपासून बघू. तपासायची रीत सोपी आहे : ज्या वस्त्या जंगल खातात त्या निवडल्या का? महापालिकेच्याच अभ्याससंस्थेने हवाई छायाचित्रांवरून फावेलांची वाढ मोजलेली होती. त्या मोजणीत सांता मार्ताचं क्षेत्रफळ आधीच्या दहा वर्षांत वाढलेलं नव्हतं, किंचित घटलंच होतं. झपाट्याने पसरणाऱ्या वस्त्या शहराच्या पश्चिम भागात होत्या, पर्यटकांपासून आणि महागड्या घरांपासून दूर. भिंतीसाठी निवडलेल्या वस्त्या जवळजवळ सगळ्या सधन दक्षिण भागातल्या होत्या. जंगल वाचवायचं काम खरंच हाती घेतलं असतं तर यादी वेगळी झाली असती.

मुंबईकराला हा वाद ओळखीचा वाटेल. शहराच्या पोटात राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या कडेला दाट वस्ती, ही रिओसारखीच आपलीही स्थिती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सांगितलं आणि संरक्षक भिंतीचं काम तेव्हापासून तुकड्या-तुकड्यांनी चालत आलं. जंगलाला हद्द लागते, हे मला मान्य आहे. पण हद्द सगळ्यांना सारखी हवी. रिओत डोंगरावर चढलेले बंगलेही होते आणि त्यांच्याभोवती सरकारने कुठे तीन मीटरचं काँक्रीट ओतलं नाही.

या वेळी विरोध वस्तीतून आला आणि तो जास्त नेमका होता. एप्रिल २००९ मध्ये रोसिन्यातल्या रहिवासी संघटनेने मतदान घेतलं आणि प्रचंड बहुमताने लोकांनी भिंत नाकारली. त्याचबरोबर त्यांनी पर्यायही पुढे ठेवला : जंगलाच्या कडेने पायवाट करा, उद्यान करा, बुटकं कुंपण घाला. लोक जिथे रोज फिरायला जातील तिथे कुणी चोरून घर बांधणार नाही. नोबेलविजेते पोर्तुगीज लेखक जुझे सारामागो यांनी भिंतीवर जाहीर टीका केली, संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीपुढे ब्राझीलला प्रश्न विचारले गेले. सरकारने माघार घेतली, पण अर्धी. रोसिन्यात भिंत फक्त दरडी कोसळण्याची भीती असलेल्या जागी, बाकी पायवाट आणि उद्यान असं ठरलं. सांता मार्ताची सहाशेहून अधिक मीटरची भिंत मात्र उभी राहिली.

५. मग आवाजाचा त्रास सुरू झाला

तिसरं कारण २०१० मध्ये आलं. विमानतळावरून शहरात येणारा द्रुतगती मार्ग मारे नावाच्या फावेलांच्या समूहाला घासून जातो. सव्वा लाखाहून जास्त लोकवस्तीचा हा भाग. ऑलिंपिक रिओला मिळालेलं होतं, पाहुणे याच रस्त्याने येणार होते. रस्त्याच्या कडेला तीन मीटर उंचीचे पत्रे बसवले गेले. महापालिकेचं म्हणणं : हे ध्वनिरोधक आहेत, वस्तीला वाहनांचा गोंगाट होतो. मारेतली माणसं म्हणाली, इतकी वर्षं आम्ही हा गोंगाट ऐकतोय, पाहुणे ठरल्यावरच तो तुम्हाला कसा ऐकू आला? भिंतीला ओल आली की काही घरांत कपाट सरकवून त्या डागापुढे लावतात. पाहुण्याला डाग दिसत नाही आणि कपाटामागे बुरशी वाढत राहते. मारेचे पत्रे त्या जातीचे. २०१६ मध्ये त्यांच्यावर ऑलिंपिकची रंगीत चित्रंही चिकटवली गेली.

सुरक्षा, जंगल, ध्वनी अशी तीन कारणं झाली. उंची तिन्ही वेळा तीनच मीटर, आणि भिंतीच्या आत राहणारी माणसंही तीच गरीब. कारण इतक्या सहज बदलता येतं तेव्हा ते कारण नसून निमित्त असतं, असं मी धरून चालतो.

६. दोन्ही बाजूंनी मागितलेली भिंत

इथे एक चांगली शंका निघते. भिंतीने कधीच कुणाचा जीव वाचला नाही का?

त्यासाठी बेलफास्ट बघावं लागेल. उत्तर आयर्लंडच्या या शहरात ऑगस्ट १९६९ मध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये दंगल पेटली. बॉम्बे स्ट्रीट नावाची एक अख्खी गल्ली जळाली. (नाव वाचून आपण दचकतो. साम्राज्याच्या शहरांची नावं तिथल्या गल्ल्यांना दिलेली आहेत.) ब्रिटिश सैन्याने फॉल्स आणि शँकिल या दोन कामगार वस्त्यांमध्ये आधी काटेरी तार आणि मग पत्रे लावले. हे अगदी तात्पुरतं आहे, असं तेव्हा लष्कराने सांगितलं.

या भिंतीचा आणि रिओच्या भिंतीचा फरक नीट लक्षात घेऊ. रिओत एका वस्तीला उरलेल्या शहरापासून तोडायचं होतं. बेलफास्टमध्ये एकमेकांवर बाटल्या फेकणाऱ्या दोन गरीब वस्त्यांच्या मध्ये आडोसा हवा होता, आणि तो बऱ्याचदा तिथल्या रहिवाशांनीच मागितला. फेकलेली पेट्रोलची बाटली भिंतीने खरोखर अडते. स्वयंपाकघराची खिडकी भिंतीकडे असलेल्या बाईला हे सांगायला अभ्यासक लागत नाही.

तरी 'तात्पुरत्या' भिंतीचं काय झालं? त्या उंच होत गेल्या, पत्र्यांच्या जागी विटा आणि काँक्रीट आलं. १९९८ चा शांतता करार झाल्यावरही नव्या उठल्या. सगळ्यांची लांबी मिळून तीस किलोमीटरच्या पुढे गेली. काही दरवाजे रात्री अजूनही बंद होतात. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की दहा वर्षांत, २०२३ पर्यंत, सगळ्या भिंती जातील. २०२३ आलं आणि गेलं, भिंती आहेत. १९६९ मध्ये पेटलेल्या त्या संघर्षात बेलफास्टमध्ये मारल्या गेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश माणसं अशा सीमारेषांपासून २५० मीटरच्या आत मेली, असं संशोधकांना आढळलं. हा आकडा जपून वाचायला हवा. भिंती मुळात तिथेच बांधल्या जिथे मारामाऱ्या होत होत्या, म्हणून भिंतीने खून झाले असं यातून निघत नाही. पण भिंतीने खून थांबले असंही निघत नाही.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे, शहरातलं नाही, खेड्यातलं. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यात उथापुरम नावाचं गाव आहे. १९८९ च्या जातीय दंगलीनंतर तिथल्या वरचढ जातीने दलित वस्तीला वेगळं काढणारी सुमारे सहाशे मीटर लांबीची भिंत घातली. दंगल काही दिवसांत शमली. मे २००८ मध्ये जिल्हा प्रशासनाने भिंतीचा काही फुटांचा भाग पाडून वाट मोकळी केली, तोवर एकोणीस वर्षं गेली होती.

७. भिंत पडते कधी?

दोन घटना, थोडक्यात.

इटलीतल्या पादोवा शहरात व्हिया आनेल्ली या रस्त्यावर सहा इमारतींचं एक संकुल होतं. मुळात विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं, पुढे स्थलांतरितांनी भरलेलं, त्यात अमली पदार्थांचा धंदा. जुलै २००६ मध्ये तिथे मोठी मारामारी झाली आणि ऑगस्टमध्ये पालिकेने ८४ मीटर लांबीची, तीन मीटर उंचीची पोलादी भिंत उभारली. महापौर डाव्या पक्षाचा होता, हे सांगायला हवं. म्हणजे हा मोह उजव्या-डाव्यात फरक करत नाही. प्रश्न वर्षभरात सुटला, पण वेगळ्याच मार्गाने. रहिवाशांना शहरभर दुसरी घरं दिली आणि २००७ मध्ये इमारती रिकाम्या केल्या.

दुसरी घटना ब्युनोस आयर्सच्या उपनगरातली. एप्रिल २००९, म्हणजे रोसिन्यात मतदान झालं तोच महिना. सान इसिद्रोच्या महापौराने गुन्हे वाढल्याचं सांगून शेजारच्या गरीब वस्तीच्या सीमेवर भिंत बांधायला घेतली. लोकांनी ती हातांनी पाडायला सुरुवात केली, न्यायालयाने काम थांबवलं, महापौराने नाद सोडला. सिमेंट नीट वाळायच्या आत विषय संपला.

८. त्याच वर्षी मेडेलिनमध्ये

कोंदे भिंत मागत होते त्याच २००४ साली कोलंबियातल्या मेडेलिन शहराने डोंगरावरच्या गरीब वस्त्यांकडे जाणारा केबलमार्ग सुरू केला. हे शहर रिओपेक्षाही रक्तबंबाळ होतं. २००२ मध्ये तिथल्या एका वस्तीत सैन्य हेलिकॉप्टरांसह शिरलं होतं. केबलमार्गाचं तिकीट मेट्रोशी जोडलेलं होतं. स्थानकांभोवती वाचनालय, दिवे, पूल, पायवाटा आल्या. नंतर संशोधकांनी केबलमार्ग मिळालेल्या आणि न मिळालेल्या, पण बाकी सारख्या असलेल्या वस्त्यांची तुलना केली. २००३ ते २००८ या काळात खून दोन्हीकडे घटले होते. केबलमार्गाच्या वस्त्यांत ती घट ६६ टक्क्यांनी जास्त होती. शहरभर खून घटण्यामागे टोळ्यांमधल्या समझोत्यांचाही हात होता, पण तो दोन्ही प्रकारच्या वस्त्यांना लागू होता. म्हणून ही तुलना महत्त्वाची.

रिओनेही नक्कल केली. २०११ मध्ये आलेमाव या फावेलांच्या समूहावर केबलमार्ग सुरू झाला, भरपूर फोटो निघाले. २०१६ मध्ये, ऑलिंपिक संपताच, पैशाअभावी तो बंद पडला आणि रिकामे डबे वर्षानुवर्षं तारांवर लटकत राहिले. तार बांधून भागत नाही, ती चालूही ठेवावी लागते.

९. सप्टेंबर २०१७

तेरा वर्षांनी रोसिन्यात पुन्हा युद्ध पेटलं. २२ सप्टेंबर २०१७ रोजी सुमारे ९५० सैनिकांनी वस्तीला वेढा घातला. शाळा बंद, दुकानं बंद, खालून जाणारा बोगद्याचा रस्ता काही तास बंद. भिंतीऐवजी माणसांचं कडं, पण हेतू तोच. आठवड्याभरात सैन्य परत गेलं.

या वेळी हल्लेखोर शेजारच्या वस्तीतल्या शत्रूच्या टोळीचे नव्हते. वस्तीचा जुना टोळीप्रमुख आणि त्याचा एकेकाळचा अंगरक्षक यांच्यातलं हे भांडण होतं. जुना प्रमुख २०११ पासून अटकेत होता. हल्ल्याचा आदेश त्याने दिला, असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हा तो रोसिन्यापासून हजारो किलोमीटर दूर, पोर्तो व्हेल्यो इथल्या कडेकोट केंद्रीय तुरुंगात होता.